रिव्हॉल्व्हरने हरणाची शिकार: .४४ मॅग्नम पुरेशी आहे की त्याहून मोठे कॅलिबर घ्यावे?

सस्क्वेहाना (धागालेखक)

नमस्कार. मी मध्य पेनसिल्व्हेनियात राहतो. गेले सात हंगाम .३०८ च्या रायफलने व्हाइटटेल हरणांची शिकार करतो आहे. आमच्याकडे रायफलचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो, आणि या वर्षी त्या दिवशी रायफल घरी ठेवून रिव्हॉल्व्हर घेऊन रानात बसावे असे मनात आहे. मी ज्या ओकच्या उतारावर बसतो तिथे झाडी इतकी दाट आहे की साठ यार्डांपलीकडचे हरीण धड दिसतच नाही. आजवर टिपलेल्या हरणांपैकी बहुतेक चाळीस यार्डांच्या आतच होती, त्यामुळे पल्ला कमी पडेल अशी भीती नाही.

अडचण कॅलिबरची, म्हणजे नळीच्या व्यासाची आणि काडतुसाच्या प्रकाराची आहे. .४४ मॅग्नम, .४५ कोल्ट, .४५४ कॅसुल, .४८० रुगर आणि .५०० स्मिथ अँड वेसन या पाचांपैकी कुणाचेही नाव काढले की दुकानातला प्रत्येक माणूस वेगळे सांगतो. माझ्याकडे एकाच हत्यारापुरते पैसे आहेत आणि ते पुढची वीस वर्षे वापरायचे आहे. मुख्य सावज हरीणच, पण आमच्या डोंगरात काळे अस्वलही आहे आणि त्याचा परवाना मी कधीतरी काढणार आहे. सावज जायबंदी होऊन रात्रभर झुडपात पडून राहिले असे माझ्या हातून होऊ नये, एवढीच माझी मुख्य काळजी आहे. ज्यांनी खरोखर रिव्हॉल्व्हरने शिकार केली आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

बर्फाळवाट

मी मॉन्टानात राहतो. बारा वर्षे रिव्हॉल्व्हर घेऊन शिकार केली आहे, म्हणून थोडे मुळापासून लिहितो.

रायफलची सवय असलेल्या माणसाने आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाकावी, ती म्हणजे ऊर्जेचे आकडे. तुमच्या .३०८ ची १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळी नळीतून बाहेर पडताना साधारण २६०० फूट-पौंड ऊर्जा घेऊन जाते. .४४ मॅग्नमची २४० ग्रेनची गोळी सेकंदाला १३५० फूट वेगाने निघाली, तर हिशेब ९७० फूट-पौंडांच्या आसपास येतो. हे दोन आकडे शेजारी ठेवले की .४४ अगदी दुबळी वाटते, आणि तिथेच लोक घाबरून .५०० कडे वळतात. पण रायफलची गोळी वेगामुळे भोवतालचे मांसही फाडते. रिव्हॉल्व्हरच्या गोळीला तेवढा वेगच नसतो, त्यामुळे ती मारते ती केवळ स्वतः पाडलेल्या भोकाने. ते भोक फुप्फुसांतून किंवा हृदयातून आरपार गेले पाहिजे. दोन्ही बाजूंनी रक्त वाहू लागले की हरीण थोडे अंतर धावून पडते आणि मागही स्पष्ट राहतो. तेव्हा विचारायचे ते इतकेच, की गोळी पलीकडच्या कातड्यातून बाहेर पडेल का आणि ती योग्य जागी बसेल का. पहिल्या प्रश्नाला तुम्ही लिहिलेली पाचही कॅलिबरे हरणाच्या बाबतीत 'हो' म्हणतात. .४५ कोल्टबद्दल एक गोष्ट बोलावी लागेल, ती पुढे कुणीतरी लिहीलच. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र काडतुसाच्या खोक्यावर छापलेले नसते.

.४४ मॅग्नम जन्माला आली तीच या कामासाठी. आयडाहोतील सॅमन या गावचे एल्मर कीथ हे पशुपालक आणि लेखक वर्षानुवर्षे .४४ स्पेशल या जुन्या काडतुसाच्या पुंगळीत (दारू भरण्याच्या धातूच्या नळीत) जास्त दारू आणि जड गोळी भरून शिकार करत होते आणि कारखान्यांनी तसे काडतूस काढावे असे सतत लिहीत होते. शेवटी १९५५ च्या अखेरीस स्मिथ अँड वेसनने रिव्हॉल्व्हर आणि रेमिंग्टनने काडतूस तयार केले. पुंगळी मुद्दाम थोडी लांब ठेवली, म्हणजे नवे काडतूस जुन्या .४४ स्पेशलच्या हत्यारात शिरू नये. उलट .४४ स्पेशलचे काडतूस मात्र मॅग्नममध्ये खुशाल चालते. सरावाच्या दृष्टीने याचे मोल फार मोठे आहे, कारण तेच हत्यार, तीच मूठ आणि तोच चाप ठेवून तुम्हाला निम्म्या धक्क्याने शेकडो बार काढता येतात.

पल्ल्याबद्दलही लिहितो. ५० यार्डांवर नेम बसवलेली .४४ ची गोळी १०० यार्डांवर पाच-सहा इंच खाली जाते. तुमच्या उतारावर हा प्रश्न येणारच नाही, पण मोकळ्या शेताच्या कडेला बसलात तर ध्यानात ठेवा.

हिलकंट्री

वरील बहुतेक मजकुराशी सहमत आहे, पण निष्कर्ष माझा वेगळा आहे. मी टेक्सासमध्ये रानडुकरांवर .४५४ कॅसुल वापरतो आणि वीस वर्षांचे एकच हत्यार घ्यायचे असेल तर तेच सुचवीन.

कारण असे. डिक कॅसुल यांनी १९५० च्या दशकात .४५ कोल्टचीच पुंगळी लांब आणि मजबूत करून हे काडतूस बांधले. पुढे वायोमिंगच्या फ्रीडम आर्म्सने १९८३ मध्ये त्यासाठी पाच बारांचे रिव्हॉल्व्हर आणले. सहाऐवजी पाच चेंबर (काडतुसाचे कप्पे) ठेवले, कारण प्रत्येक चेंबरभोवती पोलाद जाड हवे होते. .४४ मॅग्नमसाठी दाबाची मर्यादा चौरस इंचाला ३६,००० पौंड आहे आणि .४५४ साठी ६५,०००, म्हणजे रायफलच्या पंक्तीची. ३०० ग्रेनची गोळी १६५० फुटांनी सोडली तर ऊर्जा १८०० फूट-पौंडांवर जाते. मोठा नर डुक्कर समोरून तिरपा उभा असतो, त्याच्या खांद्याच्या फऱ्यावर चिवट कातड्याची ढाल असते, आणि तिथून आत शिरून पार मागच्या मांडीपर्यंत पोचलेली गोळी मी स्वतः कापून काढली आहे. तुमच्या अस्वलासाठीही हा भरवसा मोलाचा ठरेल.

शिवाय त्याच हत्यारात .४५ कोल्ट चालते, म्हणजे हरणासाठी मध्यम आणि सरावासाठी सौम्य अशी दोन्ही काडतुसे एकाच नळीतून निघतात. फक्त एक पथ्य पाळावे लागते. .४५ कोल्टची पुंगळी आखूड असल्यामुळे तिच्या तोंडापाशी चेंबरमध्ये काजळीचे कडे साचते. ते ब्रशने साफ न करता .४५४ भरले, तर रिकाम्या पुंगळ्या अडकतात आणि हाताने निघत नाहीत. सरावाहून आल्यावर साफसफाईचा आळस असेल, तर हे कॅलिबर घेऊ नका.

बर्फाळवाट

हिलकंट्री, तुमच्या डुकरांबाबत माझे काही म्हणणे नाही. पण एक साधा गुणाकार करून पाहा. २४० गुणिले १३५० आणि ३०० गुणिले १६५०. दुसरा आकडा पहिल्याच्या दीडपट येतो, आणि जास्तीच्या दारूचा धक्का त्यात धरलेलाच नाही. हे सगळे सुमारे दीड किलोच्या वस्तूतून तुमच्या दोन मनगटांत येते. तुम्ही वर्षानुवर्षे सराव केला आहे. रायफलवरून आलेल्या माणसाने पहिलेच रिव्हॉल्व्हर .४५४ घेतले, तर दुसऱ्या खोक्यापासूनच तो बार होण्याआधी डोळे मिटू लागेल आणि त्याला ते कळणारही नाही. .४५ कोल्टची काडतुसे मिळतात हे खरे, पण माझा अनुभव असा की मोठे हत्यार घेतलेला माणूस मोठेच काडतूस भरतो.

ओहायोकर

.४५ कोल्टबद्दल मी लिहिते, कारण आमच्याकडे तेच वापरते. ओहायोत हरणासाठी रिव्हॉल्व्हरची नळी निदान ५ इंच आणि काडतूस सरळ पुंगळीचे, .३५७ किंवा त्याहून मोठे लागते. धागालेखकांच्या यादीतील सर्वच या नियमात बसतात. तरी आपापल्या राज्याची चालू वर्षाची नियमपुस्तिका प्रत्येकाने वाचावीच, कारण हे नियम बदलत असतात.

.४५ कोल्ट १८७३ पासूनचे काडतूस आहे आणि जुन्या हत्यारांची आब राखण्यासाठी कारखाने ते अजूनही १४,००० पौंड दाबाच्या मर्यादेतच भरतात. २५५ ग्रेनची गोळी जेमतेम ८६० फूट वेगाने निघते. जवळच्या हरणाला तीही आरपार जाते, पण हाडाला लागली तर मला तिचा भरवसा वाटत नाही. रुगर ब्लॅकहॉकसारख्या मजबूत हत्यारासाठी याच पुंगळीत दुप्पट दाबाची काडतुसे भरली जातात, आणि मग .४५ कोल्ट .४४ मॅग्नमच्या बरोबरीला येते. धोका इथेच आहे. दोन्ही काडतुसे दिसायला सारखी असतात आणि दोन्ही एकाच चेंबरमध्ये शिरतात. घरात आजोबांच्या वेळचे जुने रिव्हॉल्व्हर असेल आणि त्यात चुकून जड काडतूस गेले, तर सिलिंडर, म्हणजे चेंबर असलेला फिरता दंडगोल, फुटतो. मी जड काडतुसांच्या खोक्यांवर लाल रंगाची पट्टी मारते आणि ती वेगळ्या कपाटात कुलुपात ठेवते. ज्याला इतकी शिस्त जमणार नाही, त्याने .४४ घ्यावी. तिथे असला घोटाळा होत नाही.

आता अशी एक गोष्ट सांगते जी विक्रेते सहसा सांगत नाहीत. तीन वर्षांपूर्वी मी हलक्या वजनाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये स्वतः भरलेली जड काडतुसे घेऊन बसले होते. पहिला बार हरणाच्या मागे मातीत गेला. घोडा पुन्हा ओढायला गेले तर तो हलेना. सिलिंडर जाम झाला होता. हरीण वीस यार्डांवर उभे राहून माझ्याकडे बघत होते आणि मी दोन्ही अंगठे लावून घोड्याशी झटत होते. घरी येऊन पाहिले, तर पुढच्या चेंबरमधल्या काडतुसाची गोळी धक्क्याने पुंगळीतून पुढे सरकून सिलिंडरबाहेर डोकावत होती. पुंगळीचे तोंड गोळीवर मी पुरेसे आवळलेच नव्हते. हत्यार जितके हलके आणि धक्का जितका मोठा, तितका हा धोका अधिक. कारखान्याची काडतुसे घेतलीत तरी पाच बार काढा, सहावे काडतूस बाहेर काढून त्याची लांबी नव्या काडतुसाशी ताडून पाहा आणि मगच तो खोका रानात न्या.

माळरान

मी पुण्यातून लिहितो आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषयच उरला नाही, त्यामुळे माझे ज्ञान शून्य आहे. पण एक शंका मनापासून विचारतो. रायफल हाताशी असताना, आणि रायफलने प्राणी लवकर मरतो हे सर्वांना मान्य असताना, मुद्दाम कमी ताकदीचे हत्यार घेण्यात प्राण्यावर अन्याय होत नाही का?

सस्क्वेहाना (धागालेखक)

माळरान, हा प्रश्न मी स्वतःला अनेक वेळा विचारला आहे, म्हणून टाळत नाही. रायफल हाती असली की मी साठ-सत्तर यार्डांवरच्या झाडीतल्या फटीतूनही बार काढतो, आणि एकदा त्या फटीतल्या फांदीने गोळी वळवली होती. ते हरीण आम्हाला दुसऱ्या दिवशी सापडले. रिव्हॉल्व्हर घेतले की तसा बार काढण्याचा विचारही मनात येऊ शकत नाही. हरीण जवळ आले पाहिजे, आडवे उभे राहिले पाहिजे आणि मधे काडीही असता कामा नये. यातले एक जरी नसेल तर ते जाऊ द्यायचे. मी ठरवलेली मर्यादा पाळली तर हरणाला त्रास कमी होईल असे मला वाटते, आणि पाळता येत नसेल तर मला या वाटेला जाण्याचा अधिकार नाही. म्हणून तर इतक्या बारकाईने विचारतो आहे.

नवागत

थोडे बाजूचे विचारतो. मी एच-१बी व्हिसावर आहे. मला असे हत्यार घेता येते का?

ओहायोकर

संघराज्याच्या कायद्याने बिगर-स्थलांतरित व्हिसावरील माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगण्यास एरवी मनाई आहे, मात्र त्याच कायद्यात काही अपवाद आहेत आणि अमेरिकेतील एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असणे हा त्यांपैकी एक आहे. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. व्यापाऱ्याकडून हँडगन घ्यायला वयाची २१ वर्षे पूर्ण लागतात आणि ती आपल्या राहत्या राज्यातच घ्यावी लागते. व्हिसा पणाला लावण्यासारखी ही बाब नाही. तेव्हा एक पैसाही खर्च करण्याआधी या विषयातील वकिलाचा सल्ला घ्या आणि शिकार परवान्याची मुदत मध्येच संपू देऊ नका.

हिलकंट्री

.४८० रुगरबद्दल कुणीच लिहिले नाही म्हणून थोडे लिहितो. हे काडतूस २००१ मध्ये आले. .४७५ लाइनबॉ आखूड करून ते बांधले आहे. ३२५ ग्रेनची गोळी १३५० फुटांनी जाते, म्हणजे वेग .४४ चाच, पण गोळी जड आणि व्यास ०.४७५ इंच. धक्का मोठा असला तरी .४५४ सारखा चटका देणारा नाही, तो ढकलल्यासारखा येतो. अस्वलासाठी मला ते मनापासून आवडते. उणीव एकच, सरावाचे सौम्य काडतूस दुकानात मिळत नाही, त्यामुळे स्वतः भरण्याची तयारी हवी. .५०० स्मिथ अँड वेसन मी वापरून सोडून दिले. लांब नळीचे ते रिव्हॉल्व्हर दोन किलोंच्या घरात जाते. एवढे वजन कमरेला बांधून डोंगर चढायचा, तर रायफलच खांद्याला लावलेली काय वाईट?

सस्क्वेहाना (धागालेखक)

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण आधी प्रत्यक्ष बार काढून पाहायचे ठरवले. एका ओळखीच्या शिकाऱ्याने आपली .४४ मॅग्नम आणि .४५४ कॅसुल अशी रुगर कंपनीची दोन्ही सुपर रेडहॉक रिव्हॉल्व्हरे मला चांदमारीवर आणून दिली. त्याने एक परीक्षा घेतली, ती सर्वांनी करून पाहावी अशी आहे. सिलिंडरमध्ये तो माझ्यामागे उभा राहून काही चेंबरमध्ये भरलेली काडतुसे आणि काहींमध्ये रिकाम्या पुंगळ्या घालायचा आणि हत्यार माझ्या हाती द्यायचा. पुढचा बार खरा की खोटा हे मला कळत नसे.

.४५४ चे दोन बार झाले. तिसऱ्याला घोडा नुसता टक्कन पडला आणि त्या शांततेत माझ्याच डोळ्यांदेखत नळीचे टोक दोन बोटे खाली गेले. बार झालाच नव्हता, तरी माझा हात धक्क्याला आधीच उत्तर देऊन मोकळा झाला होता. खरा बार असता तर २५ यार्डांवरच ती गोळी निशाण म्हणून लावलेल्या कागदी प्लेटखाली गेली असती, आणि हरणाच्या बाबतीत पोटाखाली किंवा पायाला. बर्फाळवाट यांनी डोळे मिटण्याबद्दल लिहिले ते मी वाचले होते, पटलेही होते, पण स्वतःच्या हाताने केलेले पाहिल्याशिवाय ते अंगात उतरले नाही. .४४ वर हाच प्रकार पहिल्या दिवशी थोडा झाला आणि .४४ स्पेशलची दीडशे काडतुसे झाडून पुन्हा मॅग्नमवर आलो, तेव्हा रिकाम्या चेंबरवरही नळीच्या टोकावरची नेम धरण्याची माशी जागची हलली नाही.

तेव्हा .४४ मॅग्नम, साडेसात इंच नळीचे सुपर रेडहॉक घेतले. हरणासाठी २४० ग्रेनची पसरणारी हॉलोपॉइंट गोळी ठेवणार आहे. अस्वलाचा परवाना काढला, तर ३०० ग्रेनची कठीण शिशाची, सपाट तोंडाची गोळी घेईन, जी पसरत नाही पण खोल जाते. २५ यार्डांवर आठ इंचांच्या कागदी प्लेटमध्ये सहाही बार बसतात. ५० यार्डांवर काठ्यांच्या टेक्यासह बसून सहांपैकी पाचच बसतात. म्हणून माझी मर्यादा ४० यार्ड. उतारावर बसण्याच्या जागेपासून ४० यार्डांवरच्या तीन झाडांना मी सुतळी बांधून आलो आहे.

बर्फाळवाट

उत्तम केलेत. दोन गोष्टी राहिल्या. कानांवर आवाज दाबणारे इलेक्ट्रॉनिक इअरमफ रानातही लावा. हलकी पावले त्यातून ऐकू येतात आणि बाराचा दणका अडतो. या रिव्हॉल्व्हरचा एकच बार उघड्या कानाला कायमचा अधू करू शकतो. दुसरे, टेक्यावर हत्यार ठेवताना हाताचे बोट किंवा जाकिटाची बाही सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीशेजारी येऊ देऊ नका. तिथून निघणारा वायू कातडे कापतो.

सस्क्वेहाना (धागालेखक)

हंगामाचा वृत्तांत थोडक्यात. पहिल्या शनिवारी सकाळी साडेसातला एक मोठा नर सुतळीच्या झाडांपलीकडे पंधरा-वीस पावलांवरून उताराने निघून गेला. रायफल असती तर बार काढला असता. मी घोडा ओढलाही नाही. दुसऱ्या बुधवारी माझ्याकडे मादीचा परवाना होता, आणि एक मादी ओकची फळे हुंगत ३१ यार्डांवर येऊन आडवी उभी राहिली. गोळी पुढच्या पायाच्या मागे बरगड्यांतून शिरली आणि पलीकडच्या फऱ्याच्या कडेने बाहेर गेली. मादी चाळीस पावले धावली. बर्फावर दोन्ही बाजूंना रक्त होते, त्यामुळे माग काढायला टॉर्चही लागला नाही. एक फासळी गोळीने पूर्ण मोडली होती, पण फऱ्याचे मांस रायफलच्या मानाने फारच कमी नासले होते. घरी त्याचे वाटणाचे कालवण केले.

ओहायोकर ताईंनी सांगितल्याप्रमाणे मी सिलिंडरमधले सहावे काडतूस आधीच मोजून ठेवले होते. पाच सरावबारांनंतरही त्याची लांबी नव्या काडतुसाइतकीच निघाली, म्हणून तोच खोका रानात नेला होता.